मासे मोठे व्हावेत म्हणून मासे काढले

जॉर्जियात, अटलांटाच्या दक्षिणेला घर घेतलं, त्यासोबत मागचं एकरभराचं तळंही आलं. त्यात लार्जमाऊथ बास, म्हणजे लहान मासळी खाणारा गोड्या पाण्यातला मासा, खच्चून भरलेले. गळ टाकायचा अवकाश, मासा लागलाच. पण सगळे दहा-बारा इंची. आधीच्या मालकांनी पकडलेला प्रत्येक बास परत पाण्यात सोडला होता. इकडे हौशी लोकांत तीच रीत.

मासा हातात घेतला की गोम कळायची. डोकं मोठं, डोळे बटबटीत, पोट खपाटीला. बारा इंची बास साधारण ४०० ग्रॅम भरायला हवा, आमचे जेमतेम ३००. बासचं वजन एक पौंड वाढायला ढोबळमानाने दहा पौंड लहान मासळी लागते. आमच्याकडे ती म्हणजे ब्लूगिल. ते उन्हाळाभर पुन्हापुन्हा अंडी घालतात, पण पिल्लं बोटभर होण्याआधीच फस्त. कडेकडेने जाळं ओढून पाहिलं, तर तीन ते पाच इंची ब्लूगिल औषधालाही नाही.

काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयातल्या बाईंनी उपाय सांगितला: वर्षाला एकरी २५ ते ३५ पौंड बास काढायचे, सगळे १४ इंचांखालचे. बास-ब्लूगिलचं हे गणित शेजारच्या अलाबामात, ऑबर्न विद्यापीठात मत्स्यतज्ज्ञ होमर स्विंगल यांनी तळीच्या तळी उपसून, मासे मोजून बसवलेलं. एका विक्रेत्याने मात्र आणखी लहान मासळी विकत घेऊन सोडायला सुचवलं. एवढ्या उपाशी तोंडांपुढे ती आठवडाभर तरी टिकली असती का?

मग बादली, ताणकाटा आणि वही. शेपटी चिमटीत मिटून लांबी घ्यायची, काट्याला टांगून वजन टिपायचं. ३५ पौंड म्हणजे आमच्या मापाचे पन्नासेक मासे, आणि आम्ही मालवणचे! तरी खरं सांगायचं तर बासची चव बेताचीच. चिखलाचा वास असतो. आगळात मुरवून, रवा लावून तव्यावर टाकला की खपतो. शेजाऱ्यांना सुरुवातीला हे क्रूर वाटलं, नंतर तेच बादली घेऊन यायला लागले.

दुसऱ्या वसंतात जाळ्यात चार इंची ब्लूगिल आले. बारा इंची बास ३६० पर्यंत गेले. पोट भरलेला मासा गळाला सहजी लागत नाही, म्हणून मुलाची कुरकुर चालू असते. दर वसंतात नवी वीण होतेच, तेव्हा काढणं काही थांबत नाही. यंदाचा निम्मा कोटा झालाय, उरलेला ऑक्टोबरात.