हॅडोनी कार्पेट: मे महिना निघाला

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या हॅडोनीचा, म्हणजे गालिच्यासारख्या पसरणाऱ्या कार्पेट जातीच्या समुद्री ॲनिमोनचा, पुढचा हप्ता. जिवंत आहे, चिकट आहे, आणि पूर्ण फुलला की जेवणाच्या ताटाएवढा होतो. तोंड घट्ट मिटलेलं, रंग तोच मातकट हिरवा. तो रंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुकानात पांढराशुभ्र किंवा पिवळाधमक कार्पेट दिसला की लोक भुलतात. पांढरा म्हणजे आतलं शैवाल गमावलेला, उपाशी जीव. पिवळाधमक बहुतेक वेळा रंगवलेला. दोन्ही घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी.

सोपे सॉफ्ट (मऊ) कोरल, मग एलपीएस (मोठ्या पॉलिपची कठीण कोरल), मग एसपीएस (छोट्या पॉलिपची, जास्त नाजूक), आणि टाकी मुरली की ॲनिमोन, अशी बाहेरच्या देशांतल्या शौकिनांची चढण. आपल्याकडे ती मधेच तुटते. प्रवाळभिंत बांधणारी कोरल, समुद्रपंखे, सगळ्या समुद्रकाकड्या, मॅक्सिमा आणि स्क्वामोसा शिंपले हे सगळे २००१ मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. गेले ते बरंच झालं. रंगीत सी ॲपलही त्यात आपोआप बाद, कारण ती समुद्रकाकडीच. बिथरली किंवा मेली तर विष सोडून अख्खी टाकी मारू शकते. पण परिणाम असा, की नवा माणूस मऊ कोरलवरून थेट ॲनिमोन, लिंकिया स्टारफिश आणि फ्लेम स्कॅलप या लाल शिंपल्यावर उडी मारतो. लिंकिया आणि स्कॅलप महिनोन्‌महिने हळूहळू उपाशी मरतात आणि आपल्याला वाटतं, छान रुळलेत. ॲनिमोनचे हाल किमान दिसतात तरी.

टाकी चार फुटी, मागे संप, म्हणजे फिल्टरची जोडटाकी. हॅडोनी खडकावरचा नाही, वाळूतला प्राणी. पाय वाळूखाली एखाद्या कठीण वस्तूला धरतो आणि फक्त चकती वर पसरतो. म्हणून एक कोपरा मोकळा सोडून तिथे दहा सेंटिमीटर वाळू आणि तळाला एक चपटा दगड ठेवला. पाणी खेळवणाऱ्या दोन्ही वेव्हमेकर पंख्यांना फोम गार्ड, पाणी संपमध्ये उतरतं त्या ओव्हरफ्लोला जाळी. चालत सुटलेला ॲनिमोन पंख्यात गेला तर त्याचे तुकडे आणि डंखपेशी टाकीभर होतात, मग मासेही जातात. हा पाय रोवल्यापासून हललेला नाही, तरी गार्ड काढणार नाही.

खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) ८ डीकेएचच्या आसपास, नायट्रेट दहाच्या खाली. हे आकडे सगळ्यांनाच पाठ असतात. खरी परीक्षा मे महिन्यात. डोंबिवलीत दुपारी लाईट गेली की पाणी थंड ठेवणारा चिलर बंद, आणि तासाभरात पाणी २६ अंशांवरून वर सरकू लागतं. इन्व्हर्टरवर चिलर ओढत नाही, पण एक वेव्हमेकर आणि संपवरचा छोटा पंखा सहज चालतो. पंख्याने तापमान दोन अंश खाली राहतं, मात्र बाष्पीभवन दुप्पट होतं, म्हणून उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारी ऑटो टॉपअपची टाकी आरओ-डीआयच्या (क्षार काढलेल्या) पाण्याने भरलेली हवी. सगळ्यात वर गेलं ते २९. त्या संध्याकाळी तो आक्रसला, तपकिरी चिकट मळ बाहेर टाकला आणि सकाळी पुन्हा पसरला.

या आक्रसण्याला घाबरू नका. पाणी सोडून लहान होणं, घाण टाकणं, परत फुगणं हे त्याचं रोजचं. तोंड सैल पडून आतलं बाहेर येऊ लागलं, पायाची पकड सुटली, बोट लावलं तरी चिकटेना, हे सगळं एकदम दिसलं तर वाट बघत बसायचं नाही. त्याच दिवशी वेगळ्या टाकीत. मोठा कार्पेट मुख्य टाकीत कुजला तर एका रात्रीत अमोनिया होतो. वेगळ्या टाकीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक देण्याची पद्धत अमेरिकेतले शौकीन वापरतात. मी अजून वापरलेली नाही, आणि ते पाणी गटारात ओतायची कल्पना मला पटत नाही.

खाणं आठवड्यातून एकदा, नखाएवढा तुकडा. बाजारातून आणलेली करंदी सोलून, आरओच्या पाण्यात धुऊन. मोठा घास दिला तर तो अर्धवट पचवून ओकतो आणि फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा कप काळा होतो. बाकी पोट उजेडावर, आतल्या शैवालाच्या जिवावर चालतं.

टाकीतली ऑसेलॅरिस क्लाऊन माशांची जोडी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. बघणारही नाही कदाचित. निसर्गात हॅडोनीत राहतात ते सॅडलबॅक, सेबे, क्लार्की यांसारखे दुसरे क्लाऊन. सेबे आपल्याच समुद्रातला, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनची पैदास जमवलेली असल्याने हॅचरीतला मिळण्याची आशा आहे. हॅडोनीचं तसं नाही. बबल टिप ॲनिमोनसारखा तो घरात सहसा दुभंगून वाढत नाही, दुकानातला जवळपास प्रत्येक नग समुद्रातून उचललेला.

ॲनिमोन मुळात अल्पायुषी असतात, असं दुकानदार सांगतात ते मात्र ऐकू नका. एडिनबर्गमध्ये सर जॉन डॅलियल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेला एक साधा लाल ॲनिमोन काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगला. ना एलईडी, ना स्किमर. थंड पाण्यातली वेगळी जात, हे मान्य.

पावसाळ्यात लाईटचा लपंडाव चालूच राहणार, म्हणून बॅटरीवरचा दुसरा एअर पंप मागवला आहे. सेबे सप्टेंबरनंतर, क्वारंटाईन टाकी रिकामी झाली की.