लाइपझिगच्या शाळेत मतमोजणी बघितली

मुलीकडे जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा बॅगेत आधी बिबडे, पापड आणि कळण्याचं पीठ गेलं, कपडे नंतर. शेजारचे दादा ओट्यावरून म्हणाले, "तठे जाईसन काय करशी रे भो एवढ्या थंडीमा?" मी म्हटलं निवडणूक बघणार. त्यांना ते पटलं नाही, पण मला खरंच बघायची होती.

कारण सांगतो. मी अमळनेरचा, रिटायर शिक्षक. केंद्राध्यक्ष म्हणून सहा वेळा ड्युटी केली, त्यातल्या दोन चोपडा तालुक्यात वैजापूरच्या पुढच्या पाड्यांवर. आदल्या दिवशी मशीन, सीलं, शाई, मतांचा हिशोब लिहायचे १७ सी चे फॉर्म घेऊन एसटीने निघायचं, रात्री शाळेच्या फरशीवर झोपायचं, पहाटे मॉक पोल, आणि सातच्या आधी बाया लेकरं कडेवर घेऊन लाइनीत उभ्या. सहाही वेळा मशीन सील करून जमा केलं, पण मोजणी मात्र एकदाही डोळ्यांनी बघितली नाही, कारण तिथे पास लागतो.

तिकडचं सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये आघाडी फुटून कोसळलं, चान्सलर (म्हणजे तिकडचे सरकारप्रमुख) शोल्त्स १६ डिसेंबरला विश्वासमत हरले आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला मुदतीआधी निवडणूक लागली. मुलगी राहते लाइपझिगला, सॅक्सनी राज्यात. तिने सांगितलं की पप्पा इथे मोजणी बघायला कोणीही जाऊ शकतं, नागरिक असायची सुद्धा गरज नाही, फक्त काम अडवायचं नाही. मला आधी खरंच वाटेना.

संध्याकाळी सहाला मतदान बंद झालं आणि दार उघडंच राहिलं. आम्ही दोघं भिंतीजवळ जाऊन उभे राहिलो, कोणी काही विचारलं नाही. शाळेचाच वर्ग, छोट्या खुर्च्या, भिंतीवर पोरांची चित्रं, अगदी आपल्यासारखं. पेटी टेबलावर उलटी केली तसा कागदांचा ढीग पडला. मतपत्रिका लांबलचक, डावीकडे काळ्या अक्षरात मतदारसंघातला उमेदवार, उजवीकडे निळ्या अक्षरात पक्ष, प्रत्येकाला दोन मतं. त्यांनी घड्या उलगडल्या, आधी एकूण पत्रिका मोजल्या आणि मतदार यादीतल्या खुणांशी ताळा केला. एक कमी भरत होती. पुन्हा मोजली, तर एका पत्रिकेच्या घडीत दुसरी अडकलेली निघाली. केंद्रप्रमुख बाईने ती सगळ्यांना वर धरून दाखवली तेव्हाच पुढचं काम सुरू केलं, ते बघून मला फार बरं वाटलं, आपण असंच काम करायचो.

मशीन का नाही म्हणून विचारलं तर मुलगी म्हणाली २००५ ला काही ठिकाणी होती, पण २००९ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने तो वापर घटनाबाह्य ठरवला, कारण साध्या माणसाला तांत्रिक ज्ञान नसताना सुद्धा मोजणी तपासता आली पाहिजे. आपल्याकडे एवढ्या मतदारांना कागद परवडेल का हा वेगळा विषय आहे, त्यात मी आत्ता शिरत नाही. पण "साध्या माणसाला" हा शब्द माझ्या डोक्यात बसला.

मोजणाऱ्यांत एक सत्तरीचे आजोबा होते, अंगठ्याला थुंकी न लावता रबराची टोपी घालून पत्रिका सरकवत होते. मध्ये पाणी प्यायला थांबले तेव्हा मुलीशी बोलले, ती मला मराठीत सांगत होती. पूर्व जर्मनी असताना मतदान म्हणजे कागद घ्यायचा, घडी घालायची आणि टाकायचा, बस. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत काही लोक मुद्दाम मोजणीला जाऊन उभे राहिले, विरोधी मतांचे आकडे वहीत लिहिले, आणि सरकारने ९८.८५ टक्के पाठिंबा जाहीर केला तेव्हा ती चोरी उघडी पडली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला याच लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे ७० हजार माणसं सरकारविरोधात उतरली. आजोबा म्हणाले मीही होतो त्यात. एवढं बोलून परत टेबलावर गेले.

आता जे बघितलं ते सांगायला जड जातंय. पक्षाप्रमाणे गठ्ठे लागत होते आणि एएफडीचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांना विरोध करणाऱ्या कट्टर उजव्या पक्षाचा, गठ्ठा वाढत चालला होता. त्या पक्षाच्या अ‍ॅलिस वायडेल यांनी जानेवारीत रीझाच्या अधिवेशनात बाहेरून आलेल्यांना परत पाठवायचं बोलताना "रेमिग्रेशन" हा शब्द उघड वापरला होता. माझी मुलगी हात खिशात घालून एकटक त्या गठ्ठ्याकडे बघत होती, ओठ हलत होते, मोजत होती. मला वाटलं तिला बाहेर घेऊन जावं, पण ती हलली नाही. आजोबा तोच गठ्ठा मोजत होते, तेवढ्याच काळजीने, एकही पत्रिका इकडची तिकडे नाही.

रात्री आकडे आले. देशभरात एएफडी २०.८ टक्के, सॅक्सनीत तर ३७.३, पहिला नंबर. मतदान ८२.५ टक्के, १९९० च्या एकीकरणानंतर सगळ्यात जास्त. म्हणजे लोक घरात बसले म्हणून असं झालं असंही म्हणता येत नाही, लोक बाहेर पडले, रांगेत उभे राहिले आणि त्यांनी हे मत दिलं, आणि मोजणी स्वच्छ झाली हे मी स्वतः बघितलं. चोरी असती तर १९८९ च्या त्या लोकांसारखी वही काढता आली असती. खऱ्या मतांसमोर वही घेऊन काय करणार? तिथे शेजाऱ्याशी बोलावंच लागेल, आणि तेच बंद झालंय असं मुलगी म्हणाली, ऑफिसात राजकारण निघालं की ती आली की सगळे गप्प होतात.

निघताना केंद्रप्रमुख बाईने तिला विचारलं, पुढच्या वेळी मदतीला येशील का, माणसं कमी पडतात. मुलगी म्हणाली मला मताधिकार नाही, मदतनीस कशी होऊ. बाई म्हणाली मग तो मिळव. २०२४ पासून पाच वर्षं राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, बी१ भाषेची परीक्षा ती पास झालीय, एक वर्षच बाकी आहे. ट्राममध्ये माझ्या शेजारी बसून तिने फोनवर तो फॉर्म उघडला आणि लागणाऱ्या कागदांची यादी मला वाचून दाखवायला लागली, जन्मदाखला अमळनेर नगरपरिषदेचा लागेल पप्पा, म्हणाली, गेल्यावर तेवढा काढून पाठवा.