तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांचं रिव्हॉल्वर

रोज सकाळी खळ्यावर, म्हणजे कांदा उतरवायच्या आमच्या आवारात, जाताना माझ्या कमरेला रिव्हॉल्वर असतं. जाकिटाखाली झाकलेलं असलं तरी आमच्या भागात बहुतेकांना ते ठाऊक आहे, त्यामुळे प्रश्नही ठरलेला. माल घेऊन आलेले शेतकरी विचारतात, मैत्रिणी विचारतात, परवान्याच्या नूतनीकरणाला गेलं की टेबलापलीकडचे साहेबही विचारतात, "ताई, इतकं जुनं हत्यार कशाला बाळगता? आता हलकी, नवी आली आहेत की." दोन मिनिटांत संपेल असं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

रिव्हॉल्वर माझ्या वडिलांचं, अण्णांचं. वेब्ली मार्क फोर, .32 बोअर (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप), तीन इंची नळी, सहा काडतुसं. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचं. याचंच .38 बोअरचं भावंड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं वापरलं. आपल्याकडे .38 सामान्य माणसाला मिळत नाही, .32 मिळतं, म्हणून जुन्या परवान्यांच्या घरांत हे पाहायला मिळतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 रिव्हॉल्वरही याच्याच घडणीवर बेतलेलं आहे. अंगठ्यानं खीळ दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. अण्णांनी ते 1974 साली घेतलं, तेव्हाच ते वापरलेलं होतं. त्याआधी ते कुणाच्या कमरेला होतं ते अण्णांनाही माहीत नव्हतं.

घ्यायचं कारण कांदा. आम्ही लासलगावचे कांदा व्यापारी. लिलाव झाला, माल खळ्यावर उतरला, काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, झाली की शेतकऱ्याच्या हातात त्याच दिवशी रोख पैसे पडले पाहिजेत, ही तेव्हाची रीत. उन्हाळ कांद्याच्या हंगामात गावातल्या बँकेत तेवढी रोकड नसायची. ती नाशिकहून आणावी लागे. जीप, मागच्या सीटवर वारदानाखाली पत्र्याची पेटी, पुढे अण्णा, शेजारी मुनीमजी. चांदोरी, निफाड, विंचूर. परतताना कधी अंधार पडायचा. आई दिवा लावून दारातच बसलेली असे. जीपचा आवाज आल्याशिवाय ती आत जात नसे, आणि आम्ही मुलंही मग अभ्यासाचं नुसतं नाटक करत असू.

घरी आल्यावर अण्णांचा एक क्रम असे. चप्पल काढायच्या आधी ते ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहत. खीळ, नळी खाली, सहा काडतुसं डाव्या तळहातावर. मोठ्यानं मोजत, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." मग सिलिंडरच्या प्रत्येक घरात करंगळी घालून बघत. काडतुसं एका कपाटात, रिव्हॉल्वर दुसऱ्यात, किल्ल्या स्वतःकडे. हात धुऊन झाले की मगच ते आमचे अण्णा होत. त्याआधी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा नियम. त्यांचं ते मोजणं ऐकतच मी आकडे शिकले, असं आई सांगायची.

वर्षातून एकच दिवस आम्हाला ते जवळून पाहायला मिळे, खंडेनवमीला. चौरंगावर तराजू, वजनं, खतावणी, विळे, आणि मधोमध रिकामं रिव्हॉल्वर. आई झेंडूचं फूल ठेवायची, हळदकुंकू वाहायची. चौकटीवर कोरलेल्या वेब्लीच्या नावात ते कुंकू जाऊन बसलंय. कितीही पुसा, अक्षरांच्या खाचांत तांबूस रेघ राहतेच. माझ्याकडे आल्यावर मी ती काढायचा प्रयत्न केलेला नाही.

मुठीच्या काळ्या पट्टीवर डावीकडे खाली एक टवका उडालाय. एकदा खळ्यावर गोणी उचलायला वाकताना ते म्यानातून निसटून फरशीवर पडलं, त्याचा. इजा कुणालाच झाली नाही, पण अण्णांनी त्याच संध्याकाळी बाजारातल्या चांभारकाकांना माप देऊन नवं कातडी म्यान शिवून घेतलं, वरून पट्टी आणि बटण असलेलं. तेच म्यान मी आजही वापरते. घामानं काळं पडलंय. अण्णांच्या कमरेच्या वळणाला ते इतकं सरावलंय की माझ्या कमरेवर नीट बसायला दोन वर्षं लागली.

ते माझ्याकडे आलं ते अण्णा असतानाच. 2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करून देता येतं. अण्णांच्या दोन्ही अटी पुऱ्या झालेल्या. भावानं ना-हरकत लिहून दिली. त्याला ते नको होतं, आणि खळं तोवर मीच बघत होते. पोलीस चौकशी झाली, सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं, जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे झाले. यात बरेच महिने गेले. त्या काळात अण्णा रोज विचारायचे, "आलं का?" एखादं लेकरू परगावी गेल्यासारखे.

आता ती गोष्ट, जी मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

परवाना हातात आल्यावर मी सरावाला रेंजवर गेले. अण्णांनी आपलीच सहा काडतुसं दिली होती, बुडावर केएफ अक्षरं असलेली, खडकीच्या कारखान्यातली. "आधी जुनी संपव," म्हणाले. मी नेम धरला, चाप ओढला. टक्. नुसता आवाज. प्रशिक्षकांनी शिकवलं होतं तसं नळी निशाण्याकडेच ठेवून थांबले, कारण कधी काडतूस उशिरानं पेटतं. काही झालं नाही. दुसरं, टक्. तिसरं, टक्. चौथं उडालं. पाचवं नाही. सहावं उडालं, पण फुसकं.

सहांपैकी चार उडालीच नाहीत. प्रशिक्षकांनी न उडालेली काडतुसं उजेडात धरून बुडं पाहिली. प्रायमरवर, म्हणजे ठोक्यानं पेटणाऱ्या बुडाच्या टिकलीवर, पिनेचा ठोका चांगला खोल होता. "रिव्हॉल्वर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "काडतुसं मेलीत. यांना तेल कोण लावतं?"

तेल अण्णा लावायचे. दर रविवारी. नळी, खीळ, सिलिंडर, आणि शेवटी त्याच फडक्यानं सहाही काडतुसं, चकचकीत होईपर्यंत. मी लहानपणापासून पाहिलेलं. ते तेल थेंबभर का होईना, कडेनं प्रायमरमध्ये झिरपत जातं आणि आतली दारू निकामी करतं. वर्षाला थोडीच काडतुसं मिळायची, म्हणून अण्णा ती जिवापाड जपत, वापरतच नसत. तीच सहा, वर्षानुवर्षं. म्हणजे नाशिकहून रोकड आणताना त्यांच्या कमरेला जे होतं, ते शेवटची किती वर्षं उडालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

घरी येऊन त्यांना सांगावं की नाही, याचा मी वाटेत खूप विचार केला. पण अण्णांशी हत्याराबद्दल खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. सांगितलं. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत काहीतरी मोजू लागले. मी विचारलं, "काय मोजताय?" म्हणाले, "फेऱ्या." आठवड्याला किती, हंगामाचे महिने किती, वर्षं किती. मधेच थांबले आणि म्हणाले, "मुनीमजींना हे सांगू नकोस."

मुनीमजी त्या प्रत्येक फेरीत त्यांच्या शेजारी बसले होते. अण्णांच्या कमरेकडे बघून बसले होते. त्यांनाही घरी बायकामुलं होती.

मी सांगितलं नाही. दोन वर्षांनी अण्णा गेले, मागोमाग मुनीमजीही. म्हणून आता लिहिते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नवं का नाही? 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्यानं 'निर्भीक' काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, खास बायकांसाठी म्हणून. किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. माझ्या हितचिंतकांनी त्याची जाहिरात मला इतक्यांदा दाखवली आहे. चांगलं असेल, मला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. भरलेलं वेब्ली पाऊण किलोच्या घरात जातं आणि दिवसभरात कंबर दुखते, हेही खरं. पण नवं घेतलं तर मी ते ओसरीच्या कोपऱ्यात उभं राहून मोठ्यानं मोजून रिकामं करेन का, याची मला खात्री नाही. हे हातात आलं की मोजणं आपोआप तोंडात येतं. एकदा तापात होते, शुद्ध अर्धवट, तरी भिंतीकडे तोंड करून सहा मोजले होते, असं मुलीनं नंतर सांगितलं. दुसऱ्या कुठल्या हत्यारावर माझा इतका भरवसा नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःवरही नाही.

आणि बाळगायचंच कशाला, असं विचाराल, तर तो प्रश्न जास्त बरोबर आहे. 2016 च्या नोटाबंदीनंतर रोख व्यवहार आटला. आता पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यावर जातात. पत्र्याच्या पेटीत हल्ली जुन्या पावत्या आहेत. खळं गावाबाहेर आहे, हंगामात लोडिंग रात्री उशिरापर्यंत चालतं, एवढं कारण माझ्या अर्जावर लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे. पण कुणी तरुण माणूस मला विचारतो, "ताई, मीही परवाना काढू का?" तेव्हा मी नको म्हणते. घरात हत्यार आलं की घरातल्या प्रत्येकाचं वागणं त्याच्याभोवती बेतावं लागतं. भांडणाच्या दिवशी, दारूच्या दिवशी, कुणाचं मन खचलेलं असेल त्या दिवशीही ते कपाटात असतंच. माझ्या आईनं तो भार चाळीसएक वर्षं उचलला, ज्याची नोंद कुठल्या परवान्यावर नाही. लग्नकार्यात मी ते नेत नाही. वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतची कैद ठेवली, ते योग्यच झालं.

मी काडतुसांना तेल लावत नाही. कोरड्या सुती फडक्यानं पुसते आणि वर्षाच्या आत ती रेंजवर संपवून नवी घेते. प्रत्येक वेळी पहिला चाप ओढताना पोटात गोळा येतो, उडेल ना म्हणून. उडालं की मुनीमजी आठवतात.

2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांना ते पोलीस ठाण्यात जमा केलं. परत आणताना तिथल्या हवालदारांनी नंबर वाचून दाखवला, मी पावतीवर सही केली, आणि घरी आल्यावर ते टेबलावर ठेवून मुलीला बोलावलं. ती पुण्यात नोकरी करते, दिवाळीनंतर राहिली होती. माझं वयही आता पन्नाशीच्या पुढे आहे. विचारलं, "पुढे तुझ्या नावावर करायचं का?"

तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. कुंकवाच्या रेघेवरून बोट फिरवलं. "नको आई," म्हणाली. "मला ते सांभाळता येणार नाही."

मी ठीक आहे म्हटलं. तशी वेळ आली तर परवानाधारक विक्रेत्याकडे देता येईल, नाहीतर सरकारजमा. तिनं म्यान उचललं, बटण उघडलं, पुन्हा लावलं.

"हे मात्र मला दे," ती म्हणाली.