उभ्याचं टेबल आणि आत्याचं स्टूल

गणपतीला तीन आठवड्यांच्या रजेवर लालबागला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीनं विचारलं, "ताई, तुमच्याकडे ऑफिसात ती वरखाली होणारी टेबलं असतात ना? मी घेऊ का एक? कंबर पार कामातून गेलीय माझी."

ती बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. सकाळी साडेनऊला खुर्चीत बसली की जेवायलाच उठते, आणि हल्ली डबासुद्धा स्क्रीनसमोरच उघडते.

मी राहते कोपनहेगनला. तिथे बहुतेक ऑफिसांत असं टेबल मिळतंच. डॅनिशमध्ये त्याचं नावच 'उचल-उतर टेबल' अशा अर्थाचं आहे. कडेला खालून बटण असतं. ते दाबलं की मोटर बारीक घूंघूं करते आणि टेबल हळूहळू कोपराच्या उंचीला येतं. पहिल्या वर्षी मी हौसेनं दिवसदिवस उभ्यानं काम केलं. महिन्याभरात टाचा ठणकायला लागल्या, संध्याकाळी मोजे काढले की पोटऱ्यांवर खोल वळ दिसायचे. माझ्या शेजारची बाई मात्र थोडा वेळ उभी, मग बसलेली, मग जिना उतरून कॉफी आणायला गेलेली. मी तिचं बघून शिकले.

म्हणून बहिणीला म्हटलं, पैसे घालायच्या आधी हे सगळं नीट समजून घे. पायांतलं रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. ते आवळले-सैलावले की शिरा पिळल्या जातात. मांड्यांचे मोठे स्नायू हलले की जेवणातली साखर रक्तातून ओढून घेतात. तासन्‌तास बसून राहिलं की दोन्ही कामं मंदावतात. पण एका जागी खांबासारखं उभं राहिलं तरी पोटरी हलत नाहीच, उलट रक्त पायांतच साचतं. आणि वजन उतरेल म्हणशील, तर उभ्यानं मिनिटाला जेमतेम ०.१५ कॅलरी जास्त जळते. सहा तास उभी राहिलीस तर ५४. एक पोळीसुद्धा नाही!

आमचे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, डबल-डेकरवर. त्यांच्यामुळे मला लंडनचा एक अभ्यास फार जवळचा वाटतो. डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या बसवाल्यांचा अभ्यास १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वरखाली करणारे, पाचशे ते साडेसातशे पायऱ्या रोजच्या. पगार, वस्ती, खाणंपिणं साधारण सारखंच, तरी हृदयविकार कंडक्टरांना कमी. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटींचा कमरेचा घेर आधीपासूनच मोठा निघाला. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. आपल्याच निष्कर्षाला असा प्रश्न विचारणारा माणूस मला मोठा वाटतो. कंडक्टरांना काही वाचवलं असेल तर ते जिन्यानं, नुसत्या उभं राहण्यानं नाही, असं मला वाटतं. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईतली शेवटची जुनी डबल-डेकर निघाली, त्या दिवशी बाबांनी फोनवर जिन्याचाच विषय काढला होता. गुडघे अजून शाबूत आहेत ते त्या जिन्यामुळे, असं ते ठामपणे मानतात.

नुसत्या उभं राहण्याचं काय होतं, हे बघायला मला लांब जावं लागलं नाही. आमची आत्या दादरला साडीच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. रात्री घरी आली की मोरीच्या कट्ट्यावर बसते, परकर गुडघ्यापर्यंत सरकवते आणि मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडते. तिच्या डाव्या पोटरीवर शिरा हिरव्या-जांभळ्या, सुतळीला गाठी माराव्यात तशा वर आल्यात. मी बोट लावलं तर म्हणाली, "हळू गं, ठसठसतं."

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सात हजारांवर कामगारांवर बारा वर्षं नजर ठेवून २०१७ साली निष्कर्ष छापले गेले. बहुतेक वेळ उभ्यानं काम करणाऱ्यांत हृदयविकार बैठ्या लोकांच्या जवळपास दुप्पट होता. २०२४ चा सिडनी विद्यापीठाचा अभ्यास ब्रिटनमधल्या ८३ हजार लोकांचा. जास्त उभं राहिल्यानं हृदयाला फायदा दिसला नाही, आणि रोज दोन तासांपुढे उभं राहणाऱ्यांत शिरा फुगण्यासारखे आजार वाढलेले दिसले.

केरळनं २०१८ साली दुकानांचा कायदा बदलून काम करणाऱ्यांना बसायचा हक्क दिला. कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्यासोबतच्या बायका त्यासाठी कित्येक वर्षं झगडल्या. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तेच केलं. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात तर उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असं कलमच होतं. साडीचं दुकान कारखान्यात मोडत नाही, एवढंच. आमच्या घरात एक जण उभं राहायला टेबल शोधतेय आणि दुसरीला बसायला स्टूल नाही, हे मला त्या तीन आठवड्यांत फार लागलं.

बहिणीनं टेबल घेतलं नाही. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचा एक लहानसा प्रयोग मी तिला सांगितला, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढल्याचा. अर्ध्या तासाला उठणं ऑफिसात जमेना, म्हणून तिनं तासाचा गजर लावलाय. पाण्याची बाटली मुद्दाम छोटी नेते, म्हणजे सारखं भरायला जावं लागतं. फोन आला की उठून फेऱ्या मारत बोलते. संध्याकाळी कुर्ला स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा सोडून चालायला लागलीय. कंबर थोडी बरी आहे म्हणते.

निघायच्या आदल्या दिवशी मी आत्यासाठी दादरच्या बाजारातून एक घडीचं स्टूल आणलं. घेताना तिची एकच अट होती, "उंच बघ. बसले तरी गिऱ्हाइकाला माझं तोंड दिसायला हवं." मालकांशी बोलायला मी स्वतः गेले. त्यांनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठेवू की ताई. दिवाळीची गर्दी ओसरू दे."

तोवर ते स्टूल घरी मोरीपाशी आहे. आत्या रात्री त्यावर बसून बादलीत पाय सोडते.