बिल कोणाच्या नावाने काढायचं?

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची भांडणं कोर्टात वीस-वीस वर्षं चालतात, आणि त्या फायलींना हमखास जोडलेला कागद म्हणजे लाइट बिल. खरेदीखत कुणाच्या तरी पणजोबांच्या नावाचं, घरपट्टी भलत्याच्याच नावाने, भाडेपावती कधीच बंद झालेली. पण बिल ज्याच्या नावाने येतं तो छातीठोकपणे सांगतो, कब्जा माझा. मी जीईबीत, म्हणजे गुजरातच्या वीज मंडळात, नोकरी केली. टेबलापुढे दोन चुलतभाऊ उभे राहायचे. एक म्हणायचा, मीटर माझ्या नावावर करा. दुसरा म्हणायचा, करून तर बघा. बिलाने मालकी ठरत नाही, असं आम्ही दोघांनाही सांगायचो. ते ऐकायचे नाहीत, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं.

हे सांगायचं कारण जॉर्जिया. अमेरिकेतलं राज्य नव्हे, काळ्या समुद्राकाठचा देश. माझ्या बहिणीची नात तिबिलिसीला एमबीबीएस करते. आपल्या गुजरातेतून बरीच मुलं तिकडे जातात, त्यामुळे रावपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा तिबिलिसी हे नाव आता कुणाला नवीन नाही. नवीन असतं ते एवढंच, की त्या सदतीस लाख वस्तीच्या देशाचा सुमारे २० टक्के भूभाग त्याच्या ताब्यात नाही. वायव्येला अबखाझिया, उत्तरेला दक्षिण ओसेशिया. दोन्हीकडे वेगळे झेंडे, वेगळे अध्यक्ष, रशियाचं सैन्य. त्यांना देश मानणारे म्हणजे रशिया, निकाराग्वा, व्हेनेझुएला, सीरिया आणि बारा-तेरा हजार वस्तीचं नाउरू बेट. तुवालूनेही मान्यता दिली होती, २०१४ मध्ये ती परत घेतली.

नात तिथे गेल्यापासून बहीण रोज विचारते, "अण्णा, तिथे लढाई नाही ना?" मी तिला नकाशा काढून दाखवला. त्याने काही होत नाही, पण मला मात्र त्या नकाशाचा नाद लागला. आणि नकाशात मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर धरण.

एंगुरी नदीवरचं हे धरण २७१.५ मीटर उंच आहे, जगातल्या सगळ्यात उंच कमानी धरणांत त्याची गणना होते. सोव्हिएत काळात बांधलेलं, १९७८ पासून वीज देणारं. गंमत अशी, की धरणाची भिंत आणि जलाशय जॉर्जियाच्या ताब्यात आहेत. तिथून पाणी सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जातं आणि पॉवरहाउसात पडतं, आणि ते पॉवरहाउस आहे अबखाझियाच्या गाली जिल्ह्यात. प्रत्येकी २६० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३०० मेगावॅट. बांधताना सगळा एकच देश होता, त्यामुळे कुणाच्या डोक्यातही आलं नसेल की मधून ताबारेषा जाईल. आता भिंत एकाची, टर्बाइन दुसऱ्याचं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून झोप येणार नाही. किती पाणी सोडायचं आणि कोणता संच केव्हा चालवायचा, हे दोन्ही बाजूंनी एकमेकांशी न बोलता होऊच शकत नाही. म्हणजे ज्यांची सरकारं एकमेकांना सरकार म्हणायला तयार नाहीत, त्यांचे ऑपरेटर तीस वर्षं फोनवर आहेत.

वाटणी ठरलेली आहे: साठ टक्के जॉर्जिया, चाळीस टक्के अबखाझिया. ठरलेली म्हणजे तोंडी. दोन्ही बाजूंना बांधणारा करार नाही. इथे मला आपलं केवडिया आठवणं साहजिक आहे. सरदार सरोवराच्या १४५० मेगावॅटची वाटणी मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७, गुजरात १६ अशी आहे. ती ठरवायला १९६९ मध्ये लवाद नेमला आणि त्याचा निवाडा आला १९७९ मध्ये. दहा वर्षं नुसते कागद. कागदाने सगळं सुटतं असंही नाही. डभोईकडे वसवलेल्या विस्थापितांना विचारा. पण निदान युनिट मोजलं जातं, आणि वाद झाला तर कोणत्या कलमाखाली ते सांगता येतं. एंगुरीला कलमच नाही.

आणि बिलही नाही. जॉर्जिया अबखाझियाकडून या विजेचे पैसे घेत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, काय हा भोळेपणा. मग ते चुलतभाऊ आठवले. तिबिलिसीच्या दृष्टीने अबखाझिया हा जॉर्जियाचाच भाग आहे. तिथल्या घरांना वीज देणं म्हणजे आपल्याच माणसांना वीज देणं. बिल काढायचं ठरलं, तर ते सुखुमीच्या, म्हणजे अबखाझियाच्या राजधानीतल्या, वीज कंपनीच्या नावाने काढावं लागेल, म्हणजे समोर कुणीतरी आहे हे लिहून द्यावं लागेल. सुखुमीचीही तीच अडचण उलट्या बाजूने आहे. तिबिलिसीच्या नावाने पैसे भरले की आपण कुणाचे ग्राहक आहोत, हे कबूल केल्यासारखं होतं. तेव्हा फुकट हा दोघांना परवडणारा एकमेव दर आहे.

परवडणारा, पण अबखाझियाला त्याने बिघडवलं. तिथे घरगुती दर बरीच वर्षं युनिटला ४० कोपेक होता, म्हणजे अर्धा रूबलही नाही. कित्येक घरांना मीटर नाहीत. थंडीत लोक खोल्या विजेवरच तापवतात. त्यात क्रिप्टो नाणी काढणाऱ्या यंत्रांचे अड्डे उगवले, बंदी घालूनही. हिवाळ्यात धरणाची पातळी खाली जाते, मागणी वर जाते, आणि चाळीस टक्क्यांचा हिशेब कुठल्या कुठे राहतो. त्या दिवसांत एंगुरीची जवळजवळ सगळी वीज तिकडेच जाते आणि जॉर्जिया आपल्या लोकांसाठी बाहेरून विकत घेतो. तिबिलिसीतला ग्राहक त्या सगळ्याचे पैसे भरतो.

नातीची घरमालकीण मूळची गालीची. तिथली वस्ती बहुतेक जॉर्जियन, मिंग्रेली बोलणारी. बाईंचा भाऊ अजून तिथेच आहे. नात सांगते, बाई दर महिन्याला बिल हातात घेऊन चरफडतात, की मी भरते आणि तो फुकट वापरतो. नंतर स्वतःच म्हणतात, त्याच्या पोरांना शाळेत जॉर्जियन शिकवत नाहीत, तर वापरू दे वीज. बाई स्वतः १९९३ मध्ये निघाल्या. १९८९ च्या जनगणनेत अबखाझियाच्या सव्वापाच लाख लोकांत जॉर्जियन सुमारे ४६ टक्के होते, अबखाझ जेमतेम १८. ऑगस्ट १९९२ ला लढाई सुरू झाली, सप्टेंबर १९९३ ला सुखुमी पडलं, आणि दोन लाखांहून जास्त जॉर्जियन घरदार सोडून निघाले. तिबिलिसीच्या मध्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात निर्वासितांनी दशकभर संसार केले, बाल्कन्या प्लायवुडने बंद करून. आज तिथे पुन्हा पंचतारांकित हॉटेल आहे.

याची सुरुवात तिबिलिसीने स्वतःही केली, हे बाईंना ऐकवायची नातीची हिंमत नाही, पण मी लिहू शकतो. डिसेंबर १९९० मध्ये, सोव्हिएत संघ अजून उभा असताना, जॉर्जियाच्या विधिमंडळाने दक्षिण ओसेशियाची स्वायत्तताच रद्द करून टाकली. १९९१ मध्ये गामसाखुर्दिया मोठ्या बहुमताने अध्यक्ष झाले आणि वर्ष संपायच्या आत राजधानीत तोफा सुरू झाल्या. नवा देश, दोन प्रांतांशी युद्ध, आणि घरात बंड. पुढे शेवर्दनाद्झे सत्तेवर आले. तो काळ तिबिलिसीकर अंधाराचा म्हणूनच आठवतात. दिवसाला काही तास वीज, बाकी रॉकेलच्या शेगड्या. १९९८ मध्ये एका अमेरिकन कंपनीने शहराचं वीजवितरण विकत घेतलं, मीटर बसवले, न भरणाऱ्यांचे जोड तोडले, आणि २००३ मध्ये हात टेकून ते रशियन कंपनीला विकलं. तोडायला गेलेल्या लाइनमनचे काय हाल झाले असतील, ते मला कुणी सांगायला नको.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लोक गुलाब घेऊन संसदेत घुसले आणि साकाश्विली सत्तेवर आले. त्यांच्याबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. सगळे वाहतूक पोलीस एका फटक्यात काढून टाकले, काचेची पोलीस ठाणी बांधली, दाखले एका खिडकीत मिळायला लागले. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच. पण २००४ मध्येच त्यांनी एर्गनेतीचा बाजार बंद केला. दक्षिण ओसेशियाच्या सीमेवरचा हा मोठा बाजार चोरटा होता, करबुडवा होता, सगळं खरं. मात्र जॉर्जियन आणि ओसेशियन रोज एकमेकांना तिथेच भेटत होते, भाव करत होते, उधारी ठेवत होते. कराच्या दृष्टीने निर्णय चोख. काही आठवड्यांत तिथे गोळीबार सुरू झाला. मी वसुलीच्या खात्यात असतो तर मीही बंद करा म्हटलं असतं, आणि म्हणूनच अशा गोष्टी वसुली खात्याला विचारू नयेत.

ऑगस्ट २००८ चं पाच दिवसांचं युद्ध सगळ्यांना माहीत आहे. २६ ऑगस्टला रशियाने दोन्ही प्रांतांना देश म्हणून मान्यता दिली. जॉर्जियाने संबंध तोडले आणि व्यापलेल्या प्रदेशांचा कायदा केला. रशियाच्या बाजूने अबखाझियात शिरणं तेव्हापासून गुन्हा आहे, परवानगीशिवाय तिथे धंदा करणंही. वीज मात्र वाहत राहिली. मग दक्षिण ओसेशियाच्या बाजूने काटेरी तारा सरकायला लागल्या. खुरवालेती गावात एक म्हातारा झोपला जॉर्जियात आणि घर निघालं तारेपलीकडे. अबखाझियाच्या बाजूला एंगुरीचा पूल करोनाकाळात बंद होता, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये नदीतून अलीकडे येऊ पाहणारी चार माणसं बुडून मेली.

२०१२ मध्ये इवानिश्विली या अब्जाधीशाचा जॉर्जियन ड्रीम पक्ष निवडून आला, आणि मतपेटीतून सत्ताबदल व्हायची ती तिथली पहिली वेळ. तेव्हापासून तोच पक्ष आहे. साकाश्विली २०२१ पासून तुरुंगात. राज्यघटनेच्या ७८व्या कलमात लिहून ठेवलंय की सरकारने युरोपीय संघात आणि नाटोत जाण्यासाठी सर्व उपाय करावेत. डिसेंबर २०२३ मध्ये उमेदवार देशाचा दर्जाही मिळाला. २६ ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत अधिकृत आकड्यांनुसार सत्ताधाऱ्यांना ५४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, १५० पैकी ८९ जागा. विरोधकांनी निकाल मानला नाही. २८ नोव्हेंबरला पंतप्रधान कोबाखिद्झे यांनी २०२८ संपेपर्यंत प्रवेशाची बोलणी नकोत असं जाहीर केलं, आणि तिबिलिसीतला संसदेसमोरचा रुस्तावेली रस्ता निदर्शकांनी भरला. पाण्याचे फवारे, अश्रुधूर. नात त्या रस्त्यापासून दूर राहते, पण तिच्या वर्गातली स्थानिक मुलं रात्री तिकडे आणि सकाळी डोळे लाल करून वॉर्डात. बहिणीचे मला दिवसाला चार फोन. १४ डिसेंबरला ३०० जणांच्या निर्वाचक मंडळाने माजी फुटबॉलपटू कावेलाश्विलींना अध्यक्ष निवडलं. उमेदवार एकच होता.

त्या गडबडीत एक गोष्ट आपल्या बातम्यांत आली नाही. रुस्तावेली भरायच्या दोन आठवडे आधी, १५ नोव्हेंबरला, सुखुमीतही जमाव संसदेत घुसला होता. त्यांचा राग रशियाबरोबरच्या गुंतवणूक करारावर होता. रशियन पैसेवाले येऊन किनारा विकत घेतील, ही भीती. अध्यक्ष बझानिया यांना राजीनामा द्यावा लागला. इकडे तिबिलिसीत लोक ओरडत होते की सरकार आपल्याला मॉस्कोच्या दारात नेऊन बांधतंय. दोन्हीकडची गर्दी एकमेकांचं नाव घेणार नाही, पण धास्ती एकाच शेजाऱ्याची. रशियाने तोवर सुखुमीचे पैसे रोखले होतेच. डिसेंबरात धरण आटलं, रशियन वीज विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि अबखाझियात दिवसाला काही तासच वीज उरली. शाळा बंद. घरमालकिणीचा भाऊ अंधारात बसला आणि बाईंनी चरफडणं थांबवलं. महिनाअखेरीस रशियाने मदत म्हणून वीज सोडली. मदतीचंही बिल येत नाही, पण ते फुकट वेगळं.

निवडणुकीआधी इवानिश्विली गोरी शहरातल्या सभेत म्हणाले होते की २००८ साठी ओसेशियनांची माफी मागायला हवी. सैनिकांच्या आया संतापल्या, विरोधक संतापले. माफी मागावी की नाही यावर मी वडोदऱ्यात बसून बोलणार नाही. पण सभेत मागितलेल्या माफीपेक्षा गाली जिल्ह्यात प्रामाणिकपणे मोजलेलं एक युनिट मला जास्त कामाचं वाटतं. पैसे मागू नका, नाव लिहू नका, फक्त मोजा. दर महिन्याला दोन्ही बाजूंना एकच आकडा कळू दे, म्हणजे हिवाळ्यात कोण किती ओढतो यावर निदान खोटं बोलता येणार नाही.

हे मी आमच्या जीईबीच्या जुन्या मित्रांना शेव-उसळीच्या गाडीवर सांगितलं. त्यातला टेस्टिंग विभागातला एक जण लगेच म्हणाला, "मीटर बसवाल हो, पण सील कोणाचं लावाल?"