पोरात दम आहे का?

शनिवार, रात्री

आमच्या फुटबॉल क्लबच्या नव्या पोराने आज गोल घालवला. सहा यार्डावरून. उजवीकडून बॉल सरपटत आत आला, गोलकीपर पहिल्या, म्हणजे बॉलच्या बाजूच्या, पोस्टजवळ अडकलेला, समोर उघडं जाळं, आणि याने डाव्या पायाने तो थेट बारच्या वरून प्रेक्षकांत भिरकावला. फटका मारताना अंग मागे गेलं होतं. रीप्लेमध्ये तर ते बघवत नाही. मॅच ०-० सुटली.

दादाने तिथल्या तिथे निकाल दिला. "हा आपल्या कामाचा नाही. लिहून ठेव." म्हणून लिहून ठेवतेय.

भाच्याचं गणित वेगळंच. त्याच्या व्हिडिओ गेममध्ये या पोराच्या नावापुढे 'पोटेन्शियल ८६' असं छापलंय. "आत्या, शहाऐंशी म्हणजे शहाऐंशी. होणारच तो मोठा." म्हणजे एकाच घरात बापाने पोराला निकालात काढलंय आणि लेकाने त्याला राष्ट्रीय संघात नेऊन बसवलंय. पोरगा अठराचा आहे. आमचा नेहमीचा स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल करणारा, घोटा दुखावून बाहेर बसला म्हणून अकॅडमीतून याला वर उचललं. एरवी एव्हाना तो राखीव संघाकडून रिकाम्या स्टँडसमोर खेळत असता आणि आमच्यापैकी कुणाला त्याचं नावही माहीत नसतं.

मला तो आवडला. का, ते उद्या नीट बघून लिहीन. आत्ता दादाशी वाद घालण्याइतकी ताकद नाही.

रविवार

पूर्ण मॅच परत लावली, आवाज बंद करून. हायलाइट्स पाहून स्ट्रायकर कळत नाही. त्यात फक्त बॉल त्याच्या पायाशी असतो तेव्हाचं दिसतं, आणि नव्वद मिनिटांत स्ट्रायकरच्या पायाशी बॉल असतो एक-दोन मिनिटं. उरलेला वेळ तो काय करतो, हा खरा प्रश्न.

पहिल्या हाफमधला एक प्रसंग मी तीन-चारदा मागे नेऊन पाहिला. आमच्या डाव्या विंगरकडे, म्हणजे कडेने खेळणाऱ्याकडे, बॉल आला. पोरगा त्यांच्या दोन सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मधोमध उभा. आधी त्याने चार पावलं मागच्या पोस्टकडे टाकली, अगदी सावकाश, जणू त्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्यावरचा बचावपटू त्याच्यासोबत सरकला आणि मग बॉल कुठाय ते बघायला त्याने मान वळवली. मान वळली त्याच क्षणी हा त्याच्या पाठीमागून सुटला आणि तिरका धावत पहिल्या पोस्टपाशी त्याच्या पुढे जाऊन उभा! कुणी शिकवून येत असेल तर फार चांगलं शिकवलंय. बॉल आलाच नाही. विंगरने आत वळून स्वतःच मारला, तो बचावपटूच्या नडगीला लागून कॉर्नर. कॉमेंटेटरने विंगरचं कौतुक केलं. पोराने फक्त एक हात वर केला आणि कॉर्नरसाठी मागे फिरला.

असं पाच-सहा वेळा झालं. दोनदा तो ऑफसाइड होता, ते त्याच्या खात्यावर. पण एरवी दर वेळी तो मोकळ्या जागेत होता आणि बॉल दुसरीकडे. आणि जो गोल त्याने घालवला, त्या वेळीही सहा यार्डावर एकटा कसा पोचला हे कुणी विचारत नाही. त्या वेळी बॉक्समध्ये त्यांचे पाच जण होते.

माझं मत असं की कोवळ्या स्ट्रायकरच्या बाबतीत घालवलेले गोलसुद्धा त्याच्या जमेच्या बाजूला धरायचे. फुटबॉलमध्ये साधारण दहा फटक्यांत एक गोल होतो. नुसती पेनल्टी घेतली तरी चारातली एक जवळपास वाया जाते, तीही गोलकीपर सोडून समोर कुणी नसताना. मग एखाद्याच्या मोजून दहा-बारा फटक्यांवरून 'याला फिनिशिंग नाही' असं म्हणायचं कसं? संधी मिळवायला जमतंय ना, तर गोल येतात. संधीच येत नसतील तर मात्र काळजी करावी. आवडता खेळाडू आठवड्यामागून आठवडे एकही फटका मारत नाही, पण 'मेहनत खूप करतो' म्हणून त्याला टाळ्या मिळतात, तिथे माझी काळजी सुरू होते.

थिएरी ऑन्री १९९९ मध्ये युव्हेंटसकडून आर्सेनलला आला तेव्हा सुरुवातीच्या आठ मॅचमध्ये त्याला एकही गोल करता आला नव्हता. तोवर तो विंगर म्हणून ओळखला जायचा. पुढे त्याच क्लबसाठी त्याने २२८ गोल केले. हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुझा हा पोरगा ऑन्री?" नाही रे बाबा. म्हणणं एवढंच की आठ मॅचमध्ये ऑन्रीसुद्धा ओळखू आला नाही.

मंगळवार

आज दादाने मँचेस्टर युनायटेडचा रॅशफर्ड काढला. मला वाटलंच होतं.

त्याचा मुद्दा: खरा माल पहिल्याच दिवशी दिसतो. २५ फेब्रुवारी २०१६, मिड्यूलँडविरुद्ध युरोपा लीगची मॅच. वॉर्म-अपमध्ये मार्शियल जखमी झाला, ऐनवेळी अठरा वर्षांच्या रॅशफर्डला उतरवलं आणि त्याने दोन गोल केले. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध पुन्हा दोन. दादाला हे तारखांसकट पाठ आहे.

मी माकेदा काढला. तोच क्लब, तेच मैदान, सात वर्षं आधी. ५ एप्रिल २००९, ॲस्टन व्हिलाविरुद्ध २-२, भरपाईचा वेळ सुरू. सतरा वर्षांच्या फेदेरिको माकेदाने टाचेने बॉल स्वतःसाठी वळवला आणि लांबच्या कोपऱ्यात घातला. ३-२. पुढच्याच आठवड्यात संडरलँडविरुद्ध बदली म्हणून आला आणि पुन्हा गोल. त्या वर्षी मँचेस्टर युनायटेड चॅम्पियन झालं. आणि माकेदा? साम्पदोरिया, क्यूपीआर, स्टुटगार्ट, डॉनकास्टर, बर्मिंगहॅम असा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना दिलेला, फिरला आणि मग कार्डिफला गेला. बऱ्याच वर्षांनी पानाथिनाइकोसमध्ये त्याला सूर सापडला, चांगले गोलही केले. इटलीच्या मुख्य संघात मात्र तो कधीच खेळला नाही.

पहिल्या आठवड्यात या दोघांत काय फरक होता? खुद्द माकेदाचा तो गोल रॅशफर्डच्या पहिल्या दोन गोलांपेक्षा कितीतरी देखणा होता. दादा यावर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण निदान गोल तर केला ना त्याने." याला काय उत्तर द्यायचं!

गुरुवार

ऑफिसातही हाच विषय. तिथल्या सगळ्यांचं एकमत: लोनवर पाठवा, हॅरी केनसारखा तयार होऊन येईल.

केनचं उदाहरण लोकांना फार सोयीचं आहे. आर्सेनलने त्याला लहानपणीच सोडलं. मग टॉटनहॅमने लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर अशी चार ठिकाणी धाडलं. २०१४-१५ मध्ये लीगमध्ये २१ गोल, तरी लोक म्हणत होते एका सीझनची हवा. आता तो इंग्लंडचा आणि टॉटनहॅमचा, दोन्हींचा सर्वाधिक गोल करणारा आहे. गोष्ट खरीच आहे. पण त्याच काळात त्याच चार क्लबांत लोनवर आलेली बाकीची पोरं कोण होती? एकाचंही नाव आठवत नाही. पोचलेल्याचा रस्ता बघून 'हाच रस्ता' असं म्हणणं सोपं असतं. त्याच रस्त्यावर हरवलेले मोजायला कुणी जात नाही.

मला त्या काळातलं एक चित्र फार आवडतं: २०१३ चं लेस्टर, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि बाकावर शेजारी शेजारी केन आणि जेमी व्हार्डी. व्हार्डी तेव्हा २६ वर्षांचा, वर्षापूर्वीपर्यंत लीगबाहेरचं फुटबॉल खेळणारा. दोघांनाही संघात धड जागा नव्हती. तीन वर्षांनी त्यातला एक प्रीमियर लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेऊन गेला आणि दुसरा लीगचं विजेतेपद. लेस्टरचे तेव्हाचे चाहते त्या बाकाकडे बघून काय म्हणत असतील, याची मला पुरेपूर कल्पना आहे. जे दादा म्हणतो तेच.

लोनला माझा विरोध नाही. पण कुठे, याला महत्त्व आहे. हा पोरगा पहिल्या पोस्टला धावणारा आहे. त्याला अशा संघात पाठवा जिथे विंगर लवकर बॉल आत टाकतात. लांब बॉल डोक्यावर घेऊन दोन धिप्पाड बचावपटूंशी झुंजायला लावलं तर सहा महिन्यांत तो धावायचंच विसरेल. पाठीवर माणूस असताना त्याचं अजून काही खरं नाही, हेही लिहून ठेवते. पहिल्या टचला बॉल दीड-दोन मीटर लांब जातो आणि जरा खांदा लागला की तो खाली. पण अंगात ताकद एकविशी-बाविशीपर्यंत येते, जिम आहे, खुराक आहे. बचावपटूने मान वळवण्याची वाट बघायची ती नजर जिममध्ये मिळत नाही.

शुक्रवार

उद्याची बातमी: मुख्य स्ट्रायकर अजून बरा नाही. पोरगा पुन्हा सुरुवातीपासून. बुधवारी कपची मॅच आहे, तिथेही बहुतेक तोच.

भाचा खूश. मला जरा धास्ती वाटली. मायकेल ओवेन १९ वर्षांचा होता, सलग दोन सीझन १८-१८ गोल करून लीगच्या अव्वल स्कोअररांत. एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्ध धावताना त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, फाटली. त्यानंतरही त्याने २००१ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब, जिंकला, म्हणून लोकांना ती दुखापत लक्षात राहत नाही. पण आपला आधीचा वेग परत आला नाही, हे तो स्वतःच पुढे सांगत राहिला. अन्सू फाती तर डोळ्यांदेखतचा. बार्सिलोनाच्या मुख्य संघात सोळाव्या वर्षी आला, अठरा पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बेटिसविरुद्ध गुडघा गेला. मग ऑपरेशनवर ऑपरेशन. २०२१ मध्ये मेस्सी गेल्यावर त्याचा १० नंबर याच्या पाठीवर चढवला. इतक्या कच्च्या गुडघ्यावर एवढं ओझं कुणी टाकतं का?

आणि बोयान. सतरा वर्षांचा, बार्सिलोनाच्या पहिल्या सीझनमध्ये लीगचे १० गोल, 'पुढचा मेस्सी' म्हणून पेपरांत फोटो. २००८ च्या युरोसाठी तो गेला नाही. खरं कारण मनाची अस्वस्थता होती, हे त्याने कित्येक वर्षांनी उघड केलं. त्या काळात बाहेर वेगळंच काहीतरी सांगितलं गेलं आणि लोकांनी पोराला देशाची किंमत नाही म्हणून बोल लावले.

शेवटची वीस-पंचवीस मिनिटं द्या त्याला. बचावपटू दमलेले असतात, जागा मोकळ्या होतात, याचा वेग उपयोगी पडतो आणि अंगही शाबूत राहतं. पण कोच मला विचारत नाही.

शनिवार, मॅचनंतर

२-१ जिंकलो. पोराने गोल केला!

गोल कसा, तर कॉर्नरवर घोळ झाला, आमच्या सेंटर बॅकचं हेडर पोस्टला लागून परत आलं आणि पोराच्या नडगीवर आदळून आत गेलं. त्याला कळलंही नसावं. सगळे त्याच्या अंगावर, आणि याच्या चेहऱ्यावर 'अरे, माझा आहे का हा?' असा भाव. ढिगाखालून बाहेर आला तेव्हा मोजा घोट्यापर्यंत उतरलेला आणि एक शिनगार्ड गवतात पडलेलं.

दादा सोफ्यावरून उभा राहिला. "मी म्हटलं होतं, पोरात दम आहे." मी वही आणून मागच्या शनिवारचं पान त्याच्यासमोर धरलं. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "ते मी तेव्हाच्या पोराबद्दल बोललो होतो."

खरं सांगायचं तर आज तो गेल्या शनिवारपेक्षा वाईट खेळला. पहिल्या पोस्टला धाव फक्त एकदा, तीही उशिरा. बचावपटूंना आता त्याची युक्ती ठाऊक झालीय. ते मान न वळवता त्याच्या जर्सीवर हात ठेवूनच उभे होते. यावर त्याला नवीन काही शोधावं लागेल, आणि मला खरी उत्सुकता त्याचीच आहे. तासाभरानंतर त्याचं धावणं जड झालं. बॉल गेल्यावर परत मागे यायला तो चालत येत होता. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास त्याने दोनदा वाकून मांडीचा मागचा भाग दाबला. बाक हलला नाही. पूर्ण नव्वद मिनिटं खेळवलं.

भाच्याने लगेच विचारलं, "आत्या, आता तू किती देशील? शंभरपैकी?" मी म्हटलं, मांडी बरी असेल तर सांगते. त्याला ते पटलं नाही. त्याने परस्पर ८८ लिहून टाकले, माझ्याच वहीत, माझ्याच पेनने.

बुधवारी त्याला बाकावर बसवायला हवं. बसवलं नाही तर मी ती मॅच बघणार नाही असं दादाला सांगितलंय. तो हसला. "बघशील," म्हणाला. बघेनच, पण चिडून.