दाणा, पाणी आणि ढाबळ: आमची वाटचाल

कबुतरांच्या दाण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात एका सुपातून झाली. २००६ सालचा पावसाळा होता. बेळगावात वडगाव भागात आमचं घर. खाली दोन पॉवरलूम, वर पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांची ढाबळ. हे उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होते. शिफ्ट सुटली की चहासुद्धा न घेता आधी जिना चढून वर. चाळीसेक होमर होते, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणारी, रेसची कबुतरं. माझा कबुतरांशी संबंध दाण्यापुरता. घरचे तांदूळ आणि डाळ जशी माझ्या सुपात यायची, तसाच त्यांचा मकाही यायचा.

त्या पावसाळ्यात कबुतरं खाल्लेला दाणा उलटून टाकायला लागली. विष्ठा हिरवी, पाण्यासारखी. ह्यांनी मित्रांकडून औषधाच्या पुड्या आणल्या, पाण्यात कालवल्या. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. एक दिवस मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर तळाचा मका गरम लागला. मूठभर बाहेर काढला, दाण्याच्या टोकाला हिरवट बुरशी धरलेली आणि कुबट वास. सगळं पोतं ओतलं. निम्मं फेकावं लागलं. नवा मका आणून लूमच्या खोलीत पंख्याखाली पसरला, पाखडला, चाळला, फुटके आणि काळे दाणे हातानं वेचले. आठवडाभरात ढाबळीतली विष्ठा घट्ट झाली, वरून पांढरी टोपी असलेली, निरोगी कबुतराची असते तशी.

चार घरं सोडून राहणारा एक मुलगा बघून गेला आणि म्हणाला, "वहिनी, मलाबी द्या की ओ पाच किलो." तो आमचा पहिला गिऱ्हाईक. पैसे घेताना मला अवघडल्यासारखं झालं होतं.

पुढच्या दोन वर्षांत रविवार पेठेतल्या धान्याच्या दुकानांशी ओळख वाढली. बारीक दाण्याचा मका, लाल ज्वारी, हिरवा वाटाणा, मसूर, गहू, बाजरी, करडई. रेसच्या दिवसांत मका आणि करडई वाढवायची, कारण लांब उडायला स्निग्धता लागते. पक्षी उडून आला की पहिल्या दिवशी हलका दाणा, मग वाटाणा-मसूर. पिल्लं असताना डाळीचं प्रमाण जास्त. कारवारकडून शिंपले आणायला लागलो, ते धुवून, वाळवून, भरडून त्यात विटेचा चुरा, कोळसा आणि मीठ घालून ग्रिट केलं. कबुतराला दात नाहीत, दाणा पोटातच या खड्यांनी भरडला जातो. शिवाय अंड्याच्या कवचाला चुना लागतो तो वेगळाच. गल्लीतल्या पाच बायका निवडायला यायच्या. पिशवीवर एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये 'पारिवाळ' असं छापून घेतलं. गोकाक, हुक्केरीकडचे गिऱ्हाईक तेवढ्यानं खूष झाले.

२०११ साली माझ्या हातून मोठी चूक झाली. दिवाळीआधी दर चढले होते आणि एका व्यापाऱ्याकडे स्वस्तात मका मिळत होता. दाखवायला आणलेला माल कोरडा होता. आलेल्या पोत्यांपैकी प्रत्येक पोतं उघडून बघायचं हा माझा नियम, त्या दिवशी घाईत मोडला. वरचा मका चांगला, आतला ओला. निपाणी आणि संकेश्वरच्या गिऱ्हाइकांकडे माल गेला. बुरशीच्या मक्यात जे विष तयार होतं ते कबुतराचं यकृत धरतं, आणि भाजून, धुवून ते जात नाही. तीन ढाबळींतली कबुतरं गेली. मी आणि हे बसनं प्रत्येकाच्या घरी गेलो, पैसे परत दिले, उरलेला माल उचलून आणला. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाची सहा वर्षं जपलेली मादी गेली होती. तो एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून आमच्याकडे आलेलं प्रत्येक पोतं तळापासून ओतलं जातं. कितीही वेळ लागो.

धान्य सुधारलं तरी एक गोष्ट सुटत नव्हती. आठ-दहा दिवसांच्या पिल्लांच्या तोंडात, घशात पिवळे, चीजसारखे गोळे यायचे आणि पिल्लू दाणा घेईनासं व्हायचं. आई-बाप मात्र धडधाकट. पूर्वी लोक काडीनं ते गोळे खरवडून काढायचे. रक्त यायचं आणि पिल्लू त्यातच जायचं. माझी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकत होती. तिनं एका बंद पडलेल्या लॅबचा जुना मायक्रोस्कोप आणवला. निरोगी दिसणाऱ्या नराच्या घशातून ओला बोळा फिरवला, कोमट मिठाच्या पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवला आणि मला बोलावलं. शेपटी हलवत इकडून तिकडे पळणारे जीव मी डोळ्यांनी पाहिले. ट्रायकोमोनास. कबुतराचे आई-बाप दोघंही गळ्यात तयार होणारं दूध पिल्लाला भरवतात, त्यातूनच तो पिल्लात उतरतो. मोठ्यांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जातो पाण्याच्या भांड्यातून.

मुलीनं सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. हा जीव वाळला की मरतो. म्हणजे दोन भांडी ठेवायची, एक वापरात, एक उन्हात. कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचंही तसंच. त्याची बीजं ओल आणि ऊब मिळाली तरच पिकतात. जंताच्या अंड्यांनाही ओलच लागते. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका. तिथं ढाबळ कोरडी ठेवणं हेच खरं औषध. जमिनीपासून दोन फूट उंच, खाली जाळी, वाऱ्याच्या बाजूला पडदा, छताखाली हवा जायला फट. आम्ही आता ढाबळी बांधूनही देतो, आणि धंद्यातलं मला सगळ्यात आवडतं काम तेच.

मायक्रोस्कोपमुळे धंद्याला नवी वाट मिळाली. गिऱ्हाईक सकाळची ताजी विष्ठा डबीत आणतात, मुलगी ती मिठाच्या दाट पाण्यात कालवते, वर तरंगून आलेली अंडी काचेवर बघते. जंत आहेत की कॉक्सिडिया, किती आहेत, हे लिहून देते. औषध आम्ही लिहून देत नाही आणि विकतही नाही. तो कागद घेऊन पशुवैद्यांकडे जायचं. कित्येकदा कागदावर 'काही नाही' असं येतं आणि माणूस औषधाचे पैसे वाचवून घरी जातो. दर महिन्याला सगळ्या पक्ष्यांना सरसकट पुड्या देणारे आजही आहेत. त्यांच्याशी मी भांडते. अशा अर्धवट मात्रांनी रोग मुरतो आणि खऱ्या वेळी औषध चालत नाही.

एक सांगून ठेवते. शेळ्या-मेंढ्यांसाठी आणलेलं फेनबेंडाझोल हे जंताचं औषध कबुतराला देऊ नका. पिसं झडून नवी येत असताना दिलं तर पिसं वाकडी, चिमटलेली येतात, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर पक्षी जातो. हिंडलग्याच्या एका मुलाची सबंध वर्षाची पिल्लं त्यात वाया गेली. दुसरं, एका डोळ्यातून पाणी येऊन पक्षी शिंकत असेल आणि डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल, तर तेवढे दिवस ग्रिट काढून ठेवा. चुन्यामुळे औषध अंगी लागत नाही. आमचं ग्रिट विकत घेणाऱ्यालाही आम्ही हेच सांगतो.

२०१५ च्या नोव्हेंबरात मानमोडी आली. कोंबड्यांच्या मानमोडीच्याच जातीचा, पण कबुतरांचा वेगळा विषाणू. १९८० च्या दशकात तो युरोपभर पसरला आणि पुढे जगभर गेला. आमच्या ढाबळीत तो एका चुकून उतरलेल्या कबुतरानं आणला. परकं कबूतर उतरलं की आमच्याकडे आनंद होतो, पायातली रिंग वाचायला सगळे धावतात. ह्यांनीही त्याला आपल्यातच सोडलं. दहाव्या-बाराव्या दिवशी पक्षी पाणी जास्त प्यायला लागले, ढाबळीच्या फळ्या ओल्या. मग एकाची मान वळली, मग तिघांची. दाण्यावर चोच मारायचे आणि दाणा शेजारीच राहायचा. उडायला गेले की भिंतीला आपटायचे.

मित्र म्हणाले, माना मोडून टाका. ह्यांनी तयारीही केली होती. मी म्हटलं, मला महिनाभर द्या. सतरा पक्षी लूमच्या खोलीत वेगळे ठेवले. वाटाणे रात्री भिजवायचे, सकाळ-संध्याकाळ एकेकाची चोच उघडून वीस-पंचवीस दाणे भरवायचे, पाण्यात चोच नाकपुडीपर्यंत बुडवून धरायची. कबूतर पाणी ओढून पितं, त्याला मान वर करावी लागत नाही, म्हणून जमलं. नंतर खोल वाडग्यात दाणा ठेवला, म्हणजे चोच चुकली तरी काहीतरी तोंडात येतं. सहा गेले. अकरा उभे राहिले. त्यातली एक निळी मादी अजून मान किंचित तिरकी धरते, पण तिची पिल्लं साताऱ्याहून घरी आली आहेत.

त्यानंतर लसीचं मनावर घेतलं. अडचण अशी की कोंबड्यांची मानमोडीची लस शेकडो मात्रांच्या बाटलीत येते, ती थंड ठेवावी लागते आणि उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते. तीस कबुतरांच्या मालकाला ती परवडत नाही. म्हणून रेसच्या आधी एक रविवार ठरवतो. आसपासचे कबूतरवाले पेट्या घेऊन आमच्या अंगणात येतात, पशुवैद्य मानेच्या मागे कातडीखाली मृत लस टोचतात, खर्च वाटून घेतो. सहा आठवड्यांवरची पिल्लंही आणायची. आजारी दिसणारा एकही पक्षी त्या दिवशी अंगणात येऊ देत नाही. परकं कबूतर तीन आठवडे वेगळं ठेवायचं, हेही तिथंच सगळ्यांना सांगतो.

हल्ली नवी मुलं येतात. २०२० साली न्यू किम नावाची बेल्जियमची मादी सोळा लाख युरोला विकली गेली, ते मोबाईलवर बघून. महागडी जोडी आणतात आणि पत्र्याच्या बंद पेटीत ठेवतात. त्यांना मी आधी ढाबळ दाखवायला सांगते, मगच पिशवी देते.

२०१९ पासून ह्यांना कोरडा खोकला सुरू झाला. जिना चढला की दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, कबुतराच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसाला सूज आली आहे. तीस वर्षं हे तोंडाला काही न बांधता ढाबळ खरवडत होते. कोरडी ढाबळ कबुतराला बरी, पण त्या कोरड्या धुळीनं माणसाची छाती धरते, हे मला आधी कळायला हवं होतं. दुकानात दाण्याच्या पिशव्यांशेजारी मी आता मास्क ठेवते आणि नव्या माणसाला त्याशिवाय खुरपणी विकत नाही. साधा रुमाल नव्हे, नाकाला घट्ट बसणारा. ह्यांनी ढाबळीत जाणं सोडलं. आता मुलगा आणि मी साफसफाई करतो.

आज आमच्याकडे नऊ बायका कामाला आहेत. निवडण्याचं यंत्र घेतलं, पण शेवटचा हात सुपाचाच. दर शुक्रवारी टेम्पो संकेश्वर, निपाणी करत चिकोडीला जातो. परतीच्या फेरीत तिकडच्या डब्या येतात, मुलगी रात्री त्या तपासून ठेवते.

सरावासाठी पक्षी हायवेनं नेतो. आधी निपाणी, सरळ रेषेत साठेक किलोमीटर, मग कोल्हापूर, मग सातारा, आणि ज्यांची तब्येत पक्की तेवढेच पुण्याला, तीनशेच्या आसपास. वारा बरा असेल तर पाचेक तासांत येतात. पुण्याहून सोडायच्या दिवशी हे खालच्या अंगणात खुर्ची टाकून बसतात, मास्क गळ्यात, घड्याळ हातात, तोंड उत्तरेला. पहिला ठिपका त्यांनाच दिसतो. मी वर भांडं भरून ठेवलेलं असतं.